लाटंबार्सेच्या सड्यावरची यशोदाबाय

यशोदाबाय मळीक मला पहिल्यांदा भेटली त्याच दिवशी तिने मला खोटं ठरवलं, आणि तेही माझ्या हातातल्या सरकारी नकाशाकडे एकदाही न बघता.

गोष्ट मार्च १९८५ ची. मी मूळचा गडहिंग्लजचा, वय सत्तावीस, टेलिफोन खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून पणजीला नुकताच रुजू झालो होतो. त्या काळी डिचोलीहून पेडण्याला बोलायचं तर ट्रंक कॉल नोंदवून सकाळपासून वाट बघत बसावं लागायचं. मधला सगळा प्रवास खांबांवरच्या तारांमधून. पावसाळ्यात फणसाची एक फांदी तारेवर पडली की दोन तालुक्यांचं बोलणं बंद. तार जोडायला माणूस जाईपर्यंत पुढच्या वळणावर दुसरी फांदी पडलेली असायची. म्हणून खात्याने ठरवलं, तारा सोडून द्यायच्या आणि बोलणं हवेतून न्यायचं. पणजीच्या टेकडीवरून लाटंबार्से, आणि लाटंबार्सेहून पेडण्याच्या बाजूला चांदेलच्या वरचा डोंगर. मधल्या लाटंबार्सेच्या डोंगरावर मनोरा कुठे उभा करायचा, ती जागा नक्की करणं हे माझं काम.

नकाशावरून मी ती आधीच काढून आणली होती. उंचीच्या रेषा मोजून, आलेख काढून, साहेबांची सही घेऊन. जागेपर्यंत जीप जात होती ही आणखी एक सोय. फक्त समोरचा डोंगर डोळ्यांनी दिसतो का एवढंच बघायचं राहिलं होतं.

काजूचा मोसम होता. डोंगरउतारावर बोंडांचा आंबूस वास भरलेला. चाळिशी उलटलेली एक बाई कमरेला पाटी लावून पडलेले बोंडू वेचत होती आणि हाताच्या एका पिळ्याने बी वेगळी करत होती. कासोट्याचं लुगडं, डोक्याला फडकं, पायात काही नाही. मी तिला विचारलं, "मावशी, चांदेलचा डोंगर कुठल्या बाजूला येतो?"

तिने हनुवटीनेच वायव्येकडे दाखवलं आणि माझ्या खांद्यावरच्या दुर्बिणीकडे बघत म्हणाली, "पुण हांगासून तो दिसचो ना."

"दिसणार मावशी. नकाशात मधे काहीच नाही."

"तुमच्या नकाशात खाणीचो डोंगर आसा?"

मी नकाशा उघडला. ती बघायलाही आली नाही. खालच्या दरीकडे बोट करून म्हणाली, "आमचं शेत होतं थंय. आता वरती माती आसा. सात वर्सांची माती."

मला तोवर डिचोलीच्या खाणी फक्त रस्त्यावरच्या लाल धुळीपुरत्या ठाऊक होत्या. खनिज काढताना वरची निरुपयोगी माती जिथे ओततात तिथे नवा डोंगर तयार होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा नकाशा त्या डोंगराच्या जन्माआधीचा.

"किती उंच असेल?" मी विचारलं.

"तुमका सारकं सांगतां," ती म्हणाली. "तो डोंगर माझ्या घोवानच घातलाय."

आणि ते अक्षरशः खरं होतं. तिचा नवरा सगुण त्याच खाणीवर टिप्पर चालवायचा. ज्या मातीखाली त्यांचं पिढीजात शेत गेलं ती त्याने स्वतः फेऱ्या मारून ओतली होती. शेत गेल्यावर नोकरी मिळाली ती तीच. यशोदाबायने हे सांगताना ना रडगाणं लावलं, ना हसली. माणूस आपल्या घराचा पत्ता सांगतो तसं सांगितलं.

तरी मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी आमची आरशाची चाचणी होती. ही चाचणी फार साधी असते. ज्या लहरींवर आम्ही बोलणं पाठवणार होतो त्या आपल्या घरच्या रेडिओच्या लहरींसारख्या नसतात. रेडिओच्या काही लहरी जमिनीला धरून वळत जातात, काही आकाशातल्या एका थरावर आपटून हजार मैल लांब उतरतात. आमच्या लहरी मात्र उजेडासारख्या सरळ जाणाऱ्या. वाटेत डोंगर आला की संपलं. म्हणून एका टोकाचा माणूस आरशाने ऊन फेकतो आणि दुसऱ्या टोकाचा डोळे लावून बसतो. चमक दिसली तर लहरही पोचणार.

चांदेलच्या डोंगरावर आमचा लाइनमन गुरुदास पहाटेच निघून गेला होता. तो पेडण्याचाच, तिकडच्या वाटा त्याच्या पायाखालच्या. दहा ते अकरा त्याने आमच्याकडे चमक मारायची, अकरा ते बारा आम्ही त्याच्याकडे, असं ठरलं होतं. पण जीप चढताना आमचा आरसा फुटला. मी तुकडे गोळा करत बसलेलो, तेवढ्यात यशोदाबाय पाटी घेऊन आली. काय झालं ते तिने बघितलं, खाली उतरली आणि अर्ध्या तासाने डोक्यावर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन वर आली. घरातल्या कपाटाचा हातभर उंचीचा आरसा होता तो. बिजागऱ्या काढून आणलेला.

"फुटला तर?" मी म्हटलं.

"तुम्ही धरूं नकात म्हणजे झालं."

दहा वाजले, अकरा वाजले. माझ्या जागेवरून मला पेडण्याच्या दिशेला धुरकट निळ्या हवेशिवाय काही दिसलं नाही. आम्ही आरसा फिरवला तर त्याची चमक तिकडे पोचत होती की नाही, तेही कळायला मार्ग नव्हता. बारा वाजता मी घाम पुसत खाली बसलो.

"आता येतात तुम्ही?" ती म्हणाली. "मी दाखयतां."

आरसा पुन्हा डोक्यावर घेऊन ती मला काजूच्या बागेतून वर घेऊन गेली. वाट अशी नव्हतीच. वीस मिनिटं चढून आम्ही माथ्यावरच्या मोकळ्या सपाटीवर आलो. जांभ्या दगडाच्या अशा पठाराला तिकडे सडा म्हणतात. सड्याच्या पश्चिम टोकाला एक मोठा खडप, म्हणजे उघडा कातळ होता. दुपारची पेज ती त्यावर बसून जेवायची. का, ते लगेच कळलं. तिथे वारा होता, आणि समोर सगळा मुलूख उघडा पडलेला. डाव्या हाताला खाणीच्या मातीचा लाल ढीग, पण तो बाजूला सरकलेला. त्याच्या पलीकडे ओळीने डोंगर.

गुरुदासची वेळ संपून गेली होती, पण तो चिवट माणूस. मी दुर्बीण लावली तेव्हा चौथ्या डोंगराच्या माथ्यावर दिवसाढवळ्या एक चांदणी पेटत होती आणि विझत होती. मी दुर्बीण तिच्या हातात दिली. तिने ती लावली नाही. नुसत्या डोळ्यांनीच तिला दिसत होतं.

"आमची दीपा थंयच दिलीय," ती म्हणाली. "त्या डोंगराच्या खाली."

दीपा ही तिची एकुलती मुलगी. लग्न होऊन दोन वर्षं झालेली. सरळ रेषेत चौदा किलोमीटर, पण जायचं म्हणजे तीन बसगाड्या बदलायच्या आणि दिवस मोडायचा. वर्षातून एकदा, चतुर्थीला, भेट व्हायची.

मग तिने आरसा खडपावर टेकवला आणि मी सांगितलं तसं दहा पावलांवर काठी रोवून, काठीच्या टोकावर ऊन पाडत, तो अगदी हलक्या हाताने कलवला. थोड्या वेळाने पलीकडची चांदणी तीनदा भराभर लुकलुकली. गुरुदासला आमची चमक मिळाली होती. यशोदाबायने आरसा सोडला नाही. बराच वेळ ती तशीच ऊन पाठवत राहिली.

खरी अडचण पुढे होती. आमच्या मोठ्या साहेबांना नकाशावरचीच जागा हवी होती. तिथे रस्ता होता. खडपाच्या जागेवर एक-एक लोखंडी तुकडा माणसांनी खांद्यावरून न्यावा लागणार होता. मी अहवाल दिला तेव्हा ते म्हणाले, "तीस मीटरचा मनोरा आहे. ढिगाच्या वरून आरामात जाईल. एका काजूवालीच्या सांगण्यावरून मी मार्ग बदलू?"

मी म्हटलं, "साहेब, एकदा तिच्याशी बोला."

ते आले, यात त्यांचा मोठेपणा. धापा टाकत वर चढले. यशोदाबायने त्यांना खडपावर बसवलं, कळशीतलं पाणी पितळेच्या पेल्यातून दिलं आणि त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत थांबली. साहेबांनी तिला समजावून सांगितलं की लहर ही काही सुतासारखी बारीक रेष नसते. दोन मनोऱ्यांच्या मधे तिला तवशासारखी, म्हणजे मोठ्या काकडीसारखी जागा लागते, दोन्ही टोकांना निमुळती, मधोमध फुगीर. तेवढी जागा मोकळी मिळाली की काम झालं, आणि आजच्या हिशेबाने ढिगाच्या वर तेवढी मोकळी जागा आहे.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आजच्या म्हणजे ह्या वर्साच्या?"

"हो."

"आणि खाण बंद जातली?"

साहेबांनी खालच्या ढिगाकडे बघितलं.

"माझो घोव रोज अठरा फेरे मारता. असे बावीस टिप्पर आसात. थंयच माती घालपाक आणखी चार वर्सं परवानगी आसा, असं तो सांगता. तुमचो मनोरो वाढचो ना, साहेब. तो डोंगर वाढतलो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. खाली उतरून जीपमध्ये बसल्यावर ते म्हणाले, "खडपाची जागा घाला अहवालात. आणि त्या बाईंचं नाव घाला. नीट, पूर्ण."

नाव घातलं. वरच्या कार्यालयात एका कारकुनाने विचारलं होतं, या कुठल्या संस्थेच्या सल्लागार? मी सांगितलं, लाटंबार्सेच्या.

पावसाळा सरल्यावर मनोऱ्याचं काम सुरू झालं. कोल्हापूर-बेळगावकडचे मजूर आले, माझ्या बोलीचे. खांद्यावर लोखंडी कोन घेऊन ते वाट चढायचे. वाट यशोदाबायने आखून दिली होती, गुरं चढतात तशी नागमोडी, म्हणजे ओझं असलं तरी गुडघ्यावर ताण येऊ नये. मजुरांच्या म्होरक्याने पहिल्याच दिवशी सरळ चढायचा प्रयत्न केला आणि संध्याकाळी मुकाट्याने तिच्या वाटेला लागला.

मनोऱ्याला आणि यंत्रखोलीला राखणदार लागणार होता. मी तिचं नाव सुचवलं. ती म्हणाली, "राखण करीन. पुण आत काय चलता तें माका कळूंक जाय. कळल्याबगर कसली राखण?"

ती मराठी चौथीपर्यंत शिकलेली होती, पोर्तुगीज अमलातल्या एका खाजगी शाळेत, देवळाच्या पडवीत भरणाऱ्या. त्या शिक्षणावर ती बॅटरीच्या पाण्याची घनता मोजायला शिकली, वीज गेली की डिझेल इंजिन चालू करायला शिकली आणि समोरून येणाऱ्या लहरीचा जोर दाखवणारा काटा वाचायला शिकली. हे केंद्र करतं काय, ते मी तिला सांगितलं. पणजीची लहर इथवर येताना थकते, यंत्र ती घेतं, तिला जोर देतं आणि पुढे पेडण्याला पाठवतं. एकाच लहरीवर साठ जणांचं बोलणं एकाच वेळी बसतं, एकमेकांत न मिसळता.

ती जरा विचार करून म्हणाली, "म्हणजे कुकारो."

कुकारो म्हणजे डोंगरातली हाळी. तिच्या लहानपणी कुणाच्या घरी अडचण आली की एका डोंगरावरचा गुराखी ओरडायचा, दुसऱ्या डोंगरावरचा ऐकून तेच पुढे ओरडायचा, आणि निरोप तासाभरात चार गावं पलीकडे जायचा. इतकं नेमकं उत्तर मला प्रशिक्षणाच्या वर्गातही कुणी दिलं नव्हतं.

एप्रिल १९८६ मध्ये केंद्र सुरू झालं. आमच्या यंत्रावर कर्मचाऱ्यांसाठी एक वेगळा फोन असतो, एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्राशी थेट बोलण्यासाठी. पणजीहून साहेबांनी बोलून चाचणी केली, आकडे मोजले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी चांदेलच्या केंद्रावर गुरुदासला म्हटलं, "आता त्यांना दे."

तो खाली गावात जाऊन दीपाला घेऊन आला होता. मी रिसीव्हर यशोदाबायच्या हातात ठेवला. पलीकडून आवाज आला, "आई?"

यशोदाबाय यंत्राकडे नाही, दारातून बाहेर, समोरच्या चौथ्या डोंगराकडे बघत होती. आवाज तिथूनच येतोय हे तिला ठाऊक होतं.

"दीपा? पेज जेवलंस गो?"

मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. मुलीला यंदा भात कुठला पेरणार, सासूचा गुडघा कसा आहे, असलं दहा मिनिटं विचारत राहिली. शेवटी साहेबांनी पणजीहून हळूच विचारलं, "चाचणी संपली का?" तर ती म्हणाली, "संपली. आवाज बरो येता." तो शेरा मी नोंदवहीत तसाच लिहिला.

नोंदवही तिने त्याच दिवसापासून आपल्या ताब्यात घेतली. टपोऱ्या बालबोध अक्षरात, शुद्ध मराठीत. बोलायची ती आपल्या कोकणीत, लिहायची मराठीत. घरात पोथी जशी मराठीत तशीच ही वही, त्यात तिला काही विशेष वाटत नव्हतं. जानेवारीत सकाळी सकाळी लहरीचा जोर घसरू लागला तेव्हा पणजीत सगळे म्हणत होते, यंत्र बिघडलं, बदला. मी तिची वही मागवली. त्यात रोजची ओळ होती. "सहा वाजता काटा खाली. दरीत धुकं. नऊला ऊन. काटा वर." आणि ज्या दिवशी धुकं नव्हतं त्या दिवशी काटा घसरलेला नव्हता, तेही लिहिलेलं. थंडीत दरीवर गार हवेचा थर बसला की लहर वाकते आणि चुकते, हे पुस्तकात असतं. पण ते पुस्तक न वाचता कुणी वीस दिवस टिपून ठेवलं होतं. यंत्र वाचलं. आम्ही मनोऱ्यावरच्या, लहर झेलणाऱ्या थाळ्या थोड्या वर उचलल्या आणि काटा ठीक झाला.

पण जानेवारीच्या आधी डिसेंबर आला होता, आणि त्याबद्दल मला सांगितलंच पाहिजे.

१९८६ चा डिसेंबर गोव्यात ज्यांनी पाहिला ते विसरलेले नाहीत. राजभाषा कोकणी की मराठी, या वादात घराघरांत दोन तट पडले होते. रस्त्यांवर झाडं आडवी पाडलेली, बसगाड्या बंद, दुकानं बंद. मी पणजीत अडकलो. लाटंबार्सेच्या केंद्राची वीज पहिल्याच दिवशी गेली, कुठेतरी झाड तारांवर पडलं असणार. बॅटरी आठ तास चालते. इंजिनाचं डिझेल एका दिवसाचं उरलं होतं.

मी केंद्राच्या फोनवर बोललो. "मावशी, मला येता येत नाही. डिझेल संपलं की केंद्र बंद पडेल. तुम्ही घरी जा."

"पेडण्याक फोन कसो जातलो मग?"

"जाणार नाही. दोन-चार दिवस नाही जाणार."

"थंय दवाखानो आसा. पोलीस आसात," ती म्हणाली. "आणि दीपाक आठवो म्हयनो. तुम्ही फोन ठेवात. मी पळयतां." मी बघते, असं तिचं म्हणणं.

तिने काय केलं ते मला नंतर कळलं. खाणीवरचे टिप्पर रस्ते बंद म्हणून उभे होते. ती सगुणला घेऊन खाणीच्या पर्यवेक्षकाकडे गेली, आणि टाक्यांतलं डिझेल मागितलं. तो म्हणाला, लेखी द्या. तिने लिहून दिलं, सही केली, खाली हुद्दा लिहिला, 'लाटंबार्से केंद्र'. मग दोघं नवरा-बायको डिझेलचे डबे डोक्यावर-खांद्यावर घेऊन सकाळ-संध्याकाळ सडा चढले. चार दिवस. दर दोन तासांनी पणजीच्या फोनवर मला तिचा आवाज ऐकू यायचा. "काटो सारको आसा." एवढंच. त्या दिवसांत पणजीत मी जे काही ऐकत होतो त्यात तेवढंच एक ऐकण्यासारखं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सहा-सात तरुण पोरगे सड्यावर आले. एकाच्या हातात पहार होती. ही हकिकत मला सगुणने सांगितली, तो डबे ठेवून नुकताच बसला होता.

"मावशे, हें बंद कर," त्यांच्यातला पुढचा म्हणाला. "हांगासून त्यांचे निरोप चल्ल्यात. दोन दीस बंद ठेव."

"कोणाचे निरोप?"

"त्यांचे."

यशोदाबाय यंत्रखोलीच्या पायरीवर बसली. दार तिच्या पाठीशी. "तुमचे निरोप खंयच्यान वतात?" तिने विचारलं.

पोरगे एकमेकांकडे बघू लागले.

"हांगाच्यानच," ती म्हणाली. "आत साठ जाणांचं बोलणं चल्लाय. अर्दे तुमचे आसतले, अर्दे त्यांचे. ह्या यंत्राक भाशा कळना, बाबा. खंयचीय भाशा घाला, तो तितक्याच जोरान पुढें धाडता. मीय तशीच राखण करतां." मग ती पहारवाल्याकडे वळली. "तुजी भयण खंय दिलीय?"

"मोर्जे," तो नकळत बोलून गेला. बहीण म्हणजे पेडण्याच्या बाजूलाच दिलेली.

"तिका काय जालं जाल्यार तुका कशें कळतलें?"

त्याने पहार जमिनीला टेकवली. सगुण म्हणाला, एवढ्यात आतल्या इंजिनाचा आवाज बदलला, तशी ती पोरांना तशीच सोडून आत गेली, इंजिन बघून आली, हात पुसत म्हणाली, "चाय घेतात?"

नोंदवहीत त्या दिवसाची ओळ अशी आहे: "दुपारी सात माणसं आली. चहा दिला. गेली. काटा ठीक." ते कोणत्या बाजूचे होते हे तिने मला कधी सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही.

पाचव्या दिवशी रस्ता थोडा उघडला तसा मी जीप घेऊन गेलो. केंद्र एक मिनिटही बंद पडलं नव्हतं. ती खडपावर बसून पेज जेवत होती. तिच्या खांद्यावर डब्याच्या कडीने सोललेली एक आडवी लाल रेघ होती. डिझेलचा वास तिच्या केसांना पुढे आठ दिवस येत होता म्हणे. मी वाकून तिच्या पायाला हात लावला. ती दचकली आणि म्हणाली, "हें कित्याक? पगार देतात मगे तुम्ही!"

दीपाला जानेवारीत मुलगी झाली. निरोप पेडण्याच्या दवाखान्यातून फोननेच आला. तिने वहीत तो लिहिला नाही, कारण तो घरगुती होता.

तीस मे १९८७ ला गोवा राज्य झालं. आमच्या खात्याला आधीच सूचना होती की फोन वाढतील, पण इतके वाढतील असं वाटलं नव्हतं. सकाळपासून साठच्या साठ वाहिन्या भरलेल्या. मी त्या दिवशी लाटंबार्सेला होतो. वाहिनी चालू असली की यंत्रावर छोटा दिवा लागतो. तो सगळा फलक उजळून गेला होता, एक दिवा विझला की लगेच पेटायचा. यशोदाबाय स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसली होती.

"काय बोलतात ते ऐकू येत नाही ना आपल्याला," मी म्हटलं.

"ऐकूंक कित्याक जाय?" ती म्हणाली. "बोलतात न्हय. पुरे."

तिच्या आवाजात जो अभिमान होता तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. मुलाच्या खांद्यावर देवाची पालखी चढताना बघणाऱ्या आईचा असतो तसा. मग ती उठली, बॅटऱ्यांचं पाणी तपासून आली, आणि पुन्हा बसली.

पुढच्या हिवाळ्यात खात्याला सत्तरी तालुक्याच्या डोंगरात तशीच एक जोडणी हवी होती. नवे इंजिनियर आले होते, नकाशे चांगले, यंत्रंही. मोठे साहेब तोवर बदलून गेले होते, पण जाताना फाइलवर एक ओळ लिहून गेले होते की जागा ठरवण्यापूर्वी लाटंबार्से केंद्राच्या राखणदार श्रीमती मळीक यांचं मत घ्यावं. ते वाचून नवे साहेब हसले, पण जीप पाठवली.

ती चप्पल घालून आली होती, जीपमध्ये बसायचं म्हणून नवी घेतलेली. वाळपईच्या पुढे रस्ता संपला तिथे तिने चप्पल काढून जीपमध्ये ठेवली. समोर तीन डोंगर होते. तिने प्रत्येकाकडे एकदा बघितलं, मग वाटेत गुरं चारणाऱ्या एका म्हाताऱ्याला हाक मारली आणि त्याच्याशी बराच वेळ बोलत उभी राहिली. कुठे झाडं वाढली, कुठे तोडली, कुठे खाण येणार म्हणतात, असं सगळं. नव्या इंजिनियरांपैकी एकाने मला विचारलं, "या काय विचारतात त्याला?"

"पुढच्या दहा वर्षांचा नकाशा," मी म्हटलं.

बोलणं संपवून तिने मधला डोंगर सोडला, उजवीकडचा धरला, पदर खोचला आणि चढायला लागली. आम्ही पाच जण यंत्रं सावरत तिच्या मागे.